सुनेत्राकाकूंनी गाळलेला पिनोलिओ

सुनेत्राकाकूंकडे सात गाळण्या होत्या. चहाची, ताकाची, रसाची, तुपाची, तळणीच्या तेलाची, एक ‘बाहेरच्यांसाठी’ आणि एक पितळी. पितळी वापरात नव्हती, बाकीच्या सहांवर लक्ष ठेवायला ती खिळ्याला टांगलेली असे.

सांता क्लारात काकूंना अठ्ठावीस वर्षं झाली होती. त्यांतली सव्वीस त्यांनी पिण्याच्या पाण्याच्या एका प्रयोगशाळेत काढली. काम सोपं होतं. पाणी गाळायचं, कागदावर काय उरतं ते बघायचं आणि जे उरलं ते वाईट असं लिहून द्यायचं. निवृत्तीच्या दिवशी सहकाऱ्यांनी केक कापला, काकूंनी प्रयोगशाळेची किल्ली परत दिली आणि तत्त्वज्ञान तेवढं परत दिलं नाही. पहिल्यापासूनच त्या घरात वरचं नितळ ते चांगलं आणि खाली बसतं ते संशयास्पद. हाच नियम मराठी मंडळाच्या नव्या सभासदांनाही लागू होता.

निमिष आणि मी त्यांच्या मागच्या खोलीत भाड्याने राहत होतो. निमिष सकाळी आठला ऑफिसला जायचा. मी एच-फोर व्हिसावर होते, म्हणजे कायद्याने मला अमेरिकेत शिकण्याची आणि कंटाळण्याची परवानगी होती. दोन्ही मी काकूंच्या स्वयंपाकघरात करत असे.

काकूंचे यजमान श्रीरामकाका. चाळीस वर्षांच्या संसारात ते पूर्ण गाळून झाले होते. बोलणं वर आलं तर एखाद-दुसरा थेंब, बाकी शांत.

आणि कुंपणापलीकडे तोमासाबाई.

दोन्या तोमासा मूळच्या निकाराग्वाच्या, चिनांदेगाकडच्या. ‘दोन्या’ म्हणजे त्यांच्याकडचं ‘बाई’, पुरुषाला ‘दोन’, म्हणजे ‘राव’; सुनेत्राकाकूंची त्यांनी ‘दोन्या सुने’ केली होती. चौऱ्याऐंशी साली लढाईतून निघून इथे आल्या, एका शाळेच्या स्वयंपाकघरात वीस वर्षं राबल्या आणि आता सहासष्टाव्या वर्षी लिंबाच्या झाडाखाली खुर्ची टाकून जगावर देखरेख करत. दोघी बोलत इंग्रजीत. एकीचं इंग्रजी नाशिकहून निघालेलं, दुसरीचं चिनांदेगाहून, आणि दोन्ही वाटेत थोडं थोडं सांडलेलं. मी ते इथे मराठीत आणते आहे. एरवी वाचणाऱ्याला ते गाळून घ्यावं लागलं असतं.

दर रविवारी अकरा वाजता कुंपणावरून एक हात यायचा.

“दोन्या सुने, घ्या. आज चिंचेचं, चिया घालून.”

“अय्या, कशाला एवढं. दोन-दोन पेले?”

“एक तुमचा, एक दोन श्रीरामचा.”

“मी आत नेऊन सावकाश पिते हं. उभ्याने प्यायलं की मला बाधतं.”

“आत न्या, आरामात प्या.”

काकू आत येत. त्यांतला एक पेला श्रीरामकाकांना देत, कारण काकांच्या तब्येतीची त्यांनी आशा सोडली होती. स्वतःचा पेला त्या मोरीपाशी नेत आणि सहावी गाळणी काढत, बाहेरच्यांसाठीची. चियाचं बी, आपल्या सब्जासारखं फुगून टपोरं झालेलं, सगळं वर राही. खाली चिंचेचं पाणी. ते त्या घोट घोट पीत आणि मला सांगत, “चांगले लोक आहेत गं. पण यांची पेयं फार पातळ.”

चौदा वर्षं हे चालू होतं. मी फक्त शेवटचं दीड वर्ष पाहिलं, पण या वाक्यात चौदा वर्षांची पॉलिश होती. सेबादा यायचा, म्हणजे जवाचं गुलाबी पेय, जवाचे दाणे घातलेलं. काकू जव काढून गुलाबी पाणी पीत. हिकारो नावाच्या झाडाच्या बिया कुटून दुधाळ सरबत यायचं, काकू कूट काढून दूध पीत. पिताया, म्हणजे ड्रॅगन फ्रूटचं सरबत यायचं, जांभळ्या-किरमिजी रंगाचं, काळ्या बारीक बियांचं. ते गाळल्यावर त्यांच्या पांढऱ्या ओट्यावर डाग पडला तर म्हणाल्या, “बघ, केमिकल.” मक्याची चिचा यायची, ती गाळून उरायचं ते लग्नातल्या गुलाबपाण्यासारखं.

आणि पिनोलिओ. तो या मंडळींचा राष्ट्रीय प्राण. भाजलेला मका, भाजलेला काकाओ, म्हणजे कोकोचं बी, दालचिनी, लवंग, सगळं जाडसर दळायचं आणि पाण्यात नाहीतर दुधात घुसळून प्यायचं. हे लोक स्वतःला पिनोलेरो म्हणवतात, पिनोलिओ पिणारे. आपण स्वतःला कधी सातूवाले म्हणवलं नाही, कारण आपल्याला सातू खाऊन वर इतिहासही लागतो. पिनोलिओ हिकारात देतात, म्हणजे त्या हिकारोच्याच जातीच्या फळाच्या सुकवलेल्या कवटीत. तिला बूड नसतं. खाली ठेवली की कलंडते. म्हणून हातात घेतली की संपवायची, मधे मधे फिरवायची, म्हणजे तळाचं जाड वर येतं, आणि शेवटचा घोट चावून खायचा. ही रीत तोमासाबाईंनी मला दुसऱ्याच आठवड्यात शिकवली होती. काकूंना चौदा वर्षांत कुणी शिकवली नव्हती, कारण काकू आत नेऊन सावकाश पीत.

मी एकदा विचारलंही होतं.

“काकू, ते तळाचंच मुख्य असतं ना?”

“तळाचं मुख्य असतं तर वर आलं असतं,” काकू म्हणाल्या. सव्वीस वर्षांच्या अनुभवापुढे मी काय बोलणार.

हिकारा मात्र त्या कधी रिकामी परत करत नसत. संस्कार. घासूनपुसून, आत मूठभर चिवडा नाहीतर दोन लाडू घालून कुंपणावरून परत. चकचकीत हिकारा बघून तोमासाबाईंना वाटे, शेवटच्या कणापर्यंत चाटून पुसून प्यायली बिचारी.

आता नवसाचं सांगते.

अठ्ठ्याण्णव सालच्या मोठ्या चक्रीवादळात तोमासाबाईंचा धाकटा भाऊ आन्सेल्मो डोंगराच्या चिखलाखाली गेलेल्या भागात होता. पाच दिवस पत्ता नाही. सहाव्या दिवशी फोन आला की एका आंब्याच्या झाडावर सापडला, जिवंत, एक चप्पल घालून. त्या पाच दिवसांत तोमासाबाई मारियाला, म्हणजे मेरीमातेला, बोलून बसल्या होत्या. दर सात डिसेंबरला, पुरीसिमाच्या संध्याकाळी, जो कुणी माझ्या दारात येईल तो माझ्या हातचा पिनोलिओ पिऊन जाईल. दहा वर्षं. सलग. एक जरी चुकलं तर पहिल्यापासून.

पुरीसिमा हा त्यांचा मारियाचा सण, नऊ दिवसांच्या प्रार्थनेचा, सात डिसेंबरला संपणारा. लोक घरोघरी जातात, दाराशी उभे राहून मोठ्याने विचारतात की हा एवढा आनंद कुणामुळे, घरातले मारियाचं नाव घेऊन उत्तर देतात, मग गाणी होतात आणि प्रत्येकाच्या पिशवीत ऊस, लिंबं, मिठाई पडते.

“म्हणजे भोंडला अधिक हळदीकुंकू,” असं काकूंनी नव्वदच्या दशकातच वर्गीकरण करून टाकलं होतं. दरवर्षी त्या जात, सिल्कची साडी नेसून, वाण लुटायच्या तयारीने. पिनोलिओची हिकारा घेत आणि “इथे फार गर्दी आहे, घरी नेऊन सावकाश पिते” म्हणत.

दोन हजार सात साली दहावं वर्ष होतं. आन्सेल्मोने नेहमीप्रमाणे येणाऱ्याच्या हाती स्वतःच्या परसातला काकाओ पाठवला होता. तोमासाबाईंनी मका भाजला, काकाओ भाजून सोलला, सगळं दळून साडेचार किलोचं पीठ डब्यात भरलं. आणि नोव्हेंबरच्या शेवटी मारियाच्या मखराला निळा पडदा लावताना स्टुलावरून पडल्या. उजवं मनगट. कोपरापर्यंत प्लास्टर.

“घुसळणार कोण?” तोमासाबाई कुंपणापाशी उभ्या होत्या. “मुलगा ट्रकवर. सहाला खुर्च्या घेऊन येईल. बायका तमाल उकडतायत, दुपारी प्रार्थनेला चर्चमध्ये. मला पण जायला हवं, नवव्या दिवशी मी नसले तर कसं चालेल.”

“मी आहे ना,” काकू म्हणाल्या.

श्रीरामकाकांनी पेपर खाली केला. मला ते तेव्हा कळलं नाही, पण तो इशारा होता.

“दोन्या सुने, सव्वाशे माणसं येतात.”

“अहो, मी मंडळाच्या गणपतीत चारशे लोकांचं पन्हं केलंय. आमच्याकडे रवी आहे, आईची, नाशिकहून आणलेली. तुम्ही फक्त पीठ आणि माप द्या.”

तोमासाबाईंनी आपली घुसळणी आणून दाखवली, मोलिनियो. लाकडी, खाली दातेरी गोंडा. काकूंनी रवी शेजारी धरली. दोघी बघत राहिल्या. नाशिक आणि चिनांदेगा यांच्यात कुणीतरी कधीतरी नक्की ताक प्यायलं होतं.

“पाण्यात ढवळायचं, साखर, मग घुसळायचं. फेस आला की झालं,” तोमासाबाई म्हणाल्या. “देताना दरवेळी हलवायचं. बस.”

“बस?”

“बस.”

इथे तोमासाबाईंची चूक झाली असं मी अजूनही मानते. ‘गाळू नका’ हे त्यांनी सांगितलं नाही. पण ते का सांगतील? आपण पाहुण्याला भात वाढताना ‘ताट खाऊ नका’ असं सांगतो का?

सात डिसेंबर, शुक्रवार. दुपारी दोनला तोमासाबाई चर्चला गेल्या. अडीचला काकूंनी पदर खोचला. स्वयंपाकघराला मंडळाच्या कार्यक्रमाची कळा आली. मोठाली पातेली, दोन नारिंगी कूलर, आणि रवी फिरवायला मी. काकूंनी माप अचूक घेतलं, साखर अचूक घातली, दालचिनीचा वास घरभर पसरला. पेय असं झालं की सातूच्या पिठाने कोकोशी लग्न केलं असावं आणि दोन्हीकडची माणसं खूश असावीत. मी बोट बुडवून चाखलं.

“काकू, जमलं.”

“जमलं काय, अजून गाळायचंय.”

मी रवी थांबवली. “हे गाळतात?”

“न गाळता पाहुण्यांना देतात का?”

“तोमासाबाई हलवून देतात. तळाचं पण पितात.”

“त्यांचं मनगट मोडलंय, त्यांना पिळवत नसेल. मला पिळवतं.” काकूंनी कपाटातून श्रीरामकाकांचा नवा कोरा पंचा काढला. “दहावं वर्ष आहे बाईंचं. नीटनेटकं व्हायला नको?”

मी आणखी एकदा म्हटलं, “विचारून घेऊ या का?”

“प्रार्थनेत फोन करतात का कुणी?”

एका मराठी बाईने एका निकाराग्वन बाईचा नवस प्रेमाने पंचात बांधला आणि तासभर पिळला. मी पंचाचं एक टोक धरलं होतं. साक्षीदार म्हणून नाही, आरोपी क्रमांक दोन म्हणून. साडेचारपर्यंत दोन्ही कूलर भरले. आत नितळ, तपकिरी, दालचिनीचा वास असलेलं पाणी. काकूंनी ते काचेच्या ग्लासात घेऊन खिडकीसमोर धरलं.

“बघ. आरपार दिसतंय.”

इतकं आरपार की पलीकडे लिंबाचं झाड दिसत होतं.

पाचला तोमासाबाई आल्या, निळा ड्रेस, गळ्यात पट्टीत अडकवलेलं प्लास्टर. त्यांच्या अंगणात टेबलं मांडलेली, मखरात मारिया, ऊस रचलेला, आणि आम्ही नेऊन ठेवलेले कूलर. त्यांनी हिकारा घेतली आणि डाव्या हाताने कूलरचा नळ सोडला.

त्यांनी हिकारा फिरवली. काहीच फिरलं नाही. एक घोट घेतला.

“हे काय आहे?”

“पिनोलिओ,” काकू म्हणाल्या.

“नाही. पिनोलिओ करून ज्या पाण्यात हात धुतात, ते पाणी आहे हे.”

“गाळलंय मी. दोनदा.”

तोमासाबाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी मारियाकडे पाहिलं. मारिया नेहमीप्रमाणे खाली बघत होती.

“गाळलं?”

“अहो, मी नेहमी गाळते. तुमचं सगळंच गाळून घेते. चौदा वर्षं झाली, कधी काही बिघडलं नाही.”

हे वाक्य तोंडातून गेलं आणि काकूंना कळलं की ते आत राहायला हवं होतं. पण तोंडाला गाळणी नव्हती, सातांपैकी एकही त्या कामाची नव्हती.

“चौदा वर्षं,” तोमासाबाई म्हणाल्या. आवाज अगदी खाली. “चिया?”

“…हो.”

“चिया गाळलीस? चियाच्या पेयातून चिया काढलीस?” इथून पुढे तोमासाबाईंचं ‘यू’ मला ‘तू’ असं ऐकू आलं. “सेबादा?”

“जव जरा… दातात येतात.”

“हिकारोच्या बिया?”

काकूंनी पदराचं टोक सारखं केलं.

“मी त्या बिया चिनांदेगाहून मागवते. बहिणीची सून कुटते. विमानात बॅगेत येतात. आणि तू त्या सिंकमध्ये?”

“सिंकमध्ये नाही, कंपोस्टमध्ये,” काकू म्हणाल्या, त्यातल्या त्यात अब्रू राखत.

तेवढ्यात मागून श्रीरामकाकांचा आवाज आला. “मी न गाळता पितो.”

दोघींनी वळून पाहिलं.

“चियाचं फार छान असतं,” काका म्हणाले. “मला कधी कुणी विचारलंच नाही.”

“तुम्ही गप्प बसा,” काकू म्हणाल्या. हे त्यांचं दिवसातलं एकमेव गाळीव वाक्य होतं.

तोमासाबाई खुर्चीवर बसल्या. रडल्या नाहीत. त्यांनी फक्त सांगितलं, “माझा भाऊ. झाडावर. मी दहा वर्षं बोलले होते, सुने. जो दारात येईल तो पिऊन जाईल. हे पिऊन कोण गेला असं मी म्हणू? आज चुकलं तर पहिल्यापासून. मी सहासष्ट वर्षांची आहे. पुढचे दहा मी कुठून आणू?”

सुनेत्राकाकू विज्ञानवादी. सत्यनारायणाला जात त्या शिऱ्यापुरत्या. पण त्यांच्या आईने काकूंच्या पहिल्या बाळंतपणासाठी वणीच्या देवीला बोललेला नवस, दोन्ही गुडघे गेलेले असताना, पायऱ्या चढून फेडला होता. प्रत्येक पायरीवर बसत, सात तास. वर पोचल्यावर म्हणाली होती, आता गुडघे काढले तरी चालतील. काकू ही गोष्ट आम्हांला विनोद म्हणून सांगत असत. आता त्यांच्या चेहऱ्यावर विनोद नव्हता.

“चोथा आहे,” त्या म्हणाल्या.

“काय?”

“जे वर राहिलं ते. आहे.”

“कंपोस्टमध्ये?”

“आज नाही. एवढा चांगला काकाओ, वर तुमच्या भावाचा, टाकवेना.” काकू ताडताड घरात गेल्या. आम्ही मागोमाग.

काकूंचा फ्रिज उघडला. दह्याचे आठ रिकामे डबे, म्हणजे आता भरलेले. प्रत्येकावर मास्किंग टेप, त्यावर तारीख आणि ‘चोथा, तो.’ प्रयोगशाळेची शिस्त. थालीपिठाला लावायचा बेत होता.

तोमासाबाईंनी एक डबा उघडला, वास घेतला. डोळे मिटले. मग डबे मोजले.

“हे अर्धं आहे.”

“हो,” काकू म्हणाल्या.

“बाकी अर्धं?”

काकूंनी ओट्यावरचं ताट उघडलं. दुसरंही उघडलं. अर्ध्या चोथ्याच्या वड्या झाल्या होत्या. तुपावर परतून, गूळ घालून, वेलची लावून, थापून, शंकरपाळ्याच्या आकारात कापून. प्रत्येकीच्या मधोमध एक चारोळी. म्हणजे मी पंचा धुवायला गेले त्या वीस मिनिटांत.

“उद्या मंडळाची मीटिंग आहे,” काकू म्हणाल्या. “म्हटलं, चहाबरोबर काहीतरी.”

तोमासाबाईंनी एक वडी उचलली आणि प्रकाशात धरली. काकूंनी पाणी धरलं होतं तशीच. ही आरपार दिसत नव्हती.

“हे परत पाण्यात जाईल?”

“त्यात साजूक तूप आहे हो.”

“मी ते विचारलं नाही.”

साडेपाच वाजत होते. त्यानंतरच्यासारखी तीस मिनिटं मी नाटकाच्या विंगेतसुद्धा पाहिली नाहीत. निमिष ऑफिसमधून आला तो लॅपटॉपची बॅग खांद्यावर तशीच ठेवून वड्या कुस्करायला बसला. मी डबे उपसले. श्रीरामकाका चारोळ्या वेचत होते आणि खात होते. दोन्ही कूलर पातेल्यांत रिकामे झाले, चोथा परत गेला, वड्या कोमट पाण्यात विरघळून परत गेल्या.

काकूंनी रवी उचलली. तोमासाबाईंनी डावा हात पुढे केला.

“हात माझा लागला पाहिजे. तसं बोलले होते.”

“डावा?”

“मारियाला एकच दिसतोय, ती तोच चालवून घेईल.”

मग त्यांनी डावा तळवा काकूंच्या हातावर ठेवला आणि दोघी घुसळू लागल्या. एकीला दिशा कळत होती, दुसरीला जोर होता. मधे दोनदा दिशेवरून वाद झाला. नाशिकची रवी उजवी-डावी फिरते, चिनांदेगाची घुसळणी तळव्यांमध्ये गरगरते. शेवटी पिनोलिओला दोन्हीकडून फेस आला.

याच वेळी काकूंच्या मुलीचा, इशिताचा, नेपरव्हिलहून फोन आला. काकूंनी स्पीकरवर टाकून सगळं सांगितलं.

“आई, यू स्ट्रेन्ड हर प्रॉमिस?”

“पंचाने,” काकू म्हणाल्या. “ठेव आता.”

सहा वाजता दारात पहिली हाक आली. आनंद कुणामुळे, असं तीस माणसं एकदम विचारत होती. तोमासाबाईंनी उत्तर दिलं तेव्हा त्यांचा आवाज जरा चिरकला. मग माणसं येतच राहिली, गाणी, फटाके, पिशव्या. मी आणि निमिष हिकारा भरत होतो आणि प्रत्येक वेळी पळीने तळ हलवत होतो, जणू आयुष्यभर तेच शिकलो.

भीती एका माणसाची होती. दोन एव्हारिस्तो, वय सत्त्याऐंशी, लेओनचे. पिनोलिओवर त्यांचा शब्द म्हणजे हायकोर्ट. त्यांनी हिकारा घेतली, फिरवली, घोट घेतला आणि थांबले. अंगणातली पाच-सहा माणसं त्यांच्याबरोबर थांबली.

“तोमासा.”

“बोला, दोन एव्हारिस्तो.”

“यातून गाय चालत गेली आहे.”

“गेली असेल.”

“लोणी घेऊन.” त्यांनी पुन्हा घोट घेतला, चावला. “आणि हा दुसरा वास कसला?”

“वेलची,” काकू मागून म्हणाल्या. कबुलीजबाबाच्या सुरात.

“हा पिनोलिओ कुठल्या गावचा?”

तोमासाबाईंनी काकूंकडे पाहिलं. “लांबच्या गावचा आहे. वाटेत जरा अपघात झाला.”

दोन एव्हारिस्तोंनी तळ फिरवला, शेवटचा घोट चावून संपवला आणि हिकारा पुढे केली. “अपघात झालेला अजून आहे का?”

साडेसातपर्यंत दोन्ही कूलर रिकामे. शेवटच्या माणसाने तळ चाटला. माणसं पांगली. मुलगा खुर्च्या ट्रकमध्ये चढवत होता. काकूंनी साडीवरचे डाग बघितले आणि समाधानाने म्हणाल्या, “चला. झाला तुमचा नवस. दहा पूर्ण.”

तोमासाबाई मखरापाशी बसल्या होत्या. त्यांनी मान हलवली. नकारार्थी.

“का? सगळे प्यायले. मी मोजले, एकशे एकोणतीस.”

“आज सगळे प्यायले. पण मी काय बोलले होते? जो दारात येईल तो पिऊन जाईल. दहा वर्षं. त्यातली नऊ वर्षं दारात सिल्कची साडी नेसून एक बाई येत होती. ती हिकारा घेऊन घरी जायची. तिने प्यायलं का?”

काकूंचा हात साडीवरच राहिला.

“पाणी प्यायले,” त्या म्हणाल्या.

“पाणी मी बोलले नव्हते.”

 तोमासाबाईंनी खुर्चीखालच्या वाडग्यात टेकवून ठेवलेली एक हिकारा काढली. भरलेली, घट्ट, बाजूला ठेवलेली. “मारिया दयाळू आहे. ही एक पी. नऊ वर्षांचं मी तिला समजावते.”

काकूंनी हिकारा घेतली. सवयीने त्यांची मान घराकडे वळली. आत, खिळ्यांकडे. मग त्यांनी ती कुठे टेकवता येईल ते पाहिलं. टेबल उचललं गेलं होतं, आणि असतं तरी हिकाराला बूड नाही. तोमासाबाई बघत होत्या. मारिया बघत होती. श्रीरामकाका तर जागा पकडून बसले होते.

सुनेत्राकाकूंनी पहिला घोट घेतला. चेहरा एका बाजूने गोळा झाला. फिरवलं. दुसरा घोट. तिसऱ्याला दाताखाली मका आला, तो त्यांनी चावला, आणि चेहऱ्यावर असा भाव आला की कागदावर उरलेल्या गोष्टीने उलट त्यांनाच काहीतरी विचारलं असावं. शेवटचा घोट त्यांनी बोटाने निपटून घेतला. हे मी त्यांना कधीच करताना पाहिलं नव्हतं.

“मग?” तोमासाबाई.

“घट्ट आहे,” काकू म्हणाल्या. “मी चौदा वर्षं सगळ्यांना सांगत फिरले, यांची पेयं पातळ.”

“सगळ्यांना?”

“मंडळाच्या स्मरणिकेत लेख लिहिलाय.”

तोमासाबाई हसायला लागल्या. प्लास्टर हलून दुखलं तरी हसत होत्या. “चल, झालं. एकाने भागलं.”

“नाही भागलं,” काकू म्हणाल्या. “नवसात सूट नसते. माझ्या आईने एक पायरी सोडली नव्हती. नऊ म्हणजे नऊ.”

“पीठ कुठे आहे आता?”

काकू जरा अडखळल्या. “एका डब्यात नऊ वड्या बाजूला ठेवल्या होत्या. मंडळाच्या कमिटीसाठी. चांगल्या कडेच्या.”

“एवढं होऊनसुद्धा ठेवल्या?”

“तुम्ही मोजायला सांगितलं नव्हतं.”

दुसऱ्या दिवसापासून रोज संध्याकाळी पाच वाजता सुनेत्राकाकू कुंपणापाशी येत. एक वडी हिकारात, कोमट पाणी, डाव्या हाताने तोमासाबाईंची घुसळणी. काकू उभ्याने पीत. काही बाधलं नाही. कमिटीला मीटिंगमध्ये बिस्किटं मिळाली आणि त्यांनी कुरकुर केली, ती काकूंनी नोंदवून घेतली नाही.

नववा दिवस सोळा डिसेंबर, रविवार. काकूंनी शेवटचा घोट चावला आणि हिकारा उलटी धरली. प्रयोगशाळेत रिकामी नळी तपासनिसाला दाखवायचे तशी. थेंब पडला नाही.

तोमासाबाईंनी खाली वाकून बघितलं, मग वर काकूंच्या तोंडाकडे बघितलं, दातात मका होता तो पाहिला आणि छातीवर क्रूसाची खूण केली.

“भावाला फोन करते,” त्या म्हणाल्या. “सांगते, झाडावरून उतर आता.”

त्या आत गेल्या. काकू रिकामी हिकारा घेऊन उभ्या राहिल्या. तिच्यात परत देताना घालायला काहीच आणलं नव्हतं. चौदा वर्षांत पहिल्यांदा.

“साखर मात्र कमी होती,” त्या मला म्हणाल्या.